जिरवा म्हणणाऱ्याची टाकी

पावसाचं पाणी घरच्या टाकीत भरून ठेवणं मला फार वर्षं आप्पलपोटेपणाचं वाटत आलं. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. माझी सगळी नोकरी पाणलोटाच्या कामात झाली. तेव्हाचा नगर जिल्हा आणि पुढे बीडचा डोंगरपट्टा, या भागात आम्ही गावोगाव एकच सांगत हिंडलो : पाणी अडवा, पाणी जिरवा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या कंपाउंडवर, एसटीच्या थांब्यावर ही अक्षरं आम्हीच रंगवून घेतलेली. ती रंगवून घेणाऱ्याच्या दारात आज दहा हजार लिटरची टाकी उभी आहे, आणि जुने सहकारी घरी आले की तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. एकेकाला समजावत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हणतो.

टाकीवर माझा मुख्य आक्षेप नैतिक होता. जमिनीत जिरलेलं पाणी कुणा एकाचं राहत नाही. माझ्या बांधाला अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं, त्याच्या ज्वारीला लागतं, त्याची गुरं ते पितात. टाकीला मात्र झाकण असतं आणि झाकणाला कुलूप. ज्याचं छप्पर मोठं त्याची टाकी मोठी. ज्याच्या डोक्यावर धड छप्परच नाही त्याने काय करायचं? शिवाय पायाखाली एवढी जागा फुकट पडलेली असताना सिमेंट-लोखंड आणून दहा-वीस हजार लिटरचं डबडं उभं करणं हा मला बंगलेवाल्यांचा चाळा वाटे.

हे मत हवेतून आलेलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, भूमिहीनालाही त्यात हिस्सा द्यायचा, आणि उसाला पाणी द्यायचं नाही, हा तिथला नियम. आम्ही तरुण होतो. असा नियम ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे पोपटराव पवारांचं हिवरे बाजार पाहिलं. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तेवढ्यावर गाव नुसतं तगतं असं नाही, दूध आणि कांदा बाहेर पाठवतं. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं, शेतीसाठी बोअर मारायचे नाहीत. तिथला खडकही या कामाला साथ देणारा. वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा कातळ. सलग समतल चर काढले, नाल्याला बांध घातले की पाणी मुरमात शिरतं आणि सावकाश, महिनोन् महिने विहिरींना पाझरत राहतं.

या पुंजीवर मी निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आलो. घर सड्यावर आहे. कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, सोनकी-तेरड्याने भरलेलं, आणि फेब्रुवारीनंतर अनवाणी पाय ठेवता येणार नाही असं तापलेलं. अलीकडे कातळशिल्पांमुळे इथल्या सड्यांवर माणसं येऊ लागली आहेत, पण तीही थंडीत येतात. मेमध्ये येऊन बघावं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि एप्रिल उजाडला की वाडीत टँकरची वाट बघणं सुरू. चारशे मिलिमीटरवर निभावणारं गाव पाहून आलेल्या माणसाला तीन हजारांतली टंचाई ही उघडउघड आळसाची खूण वाटली. कोकणी माणूस चार महिने पागोळ्या बघत बसतो आणि आठ महिने तक्रार करतो, असं मी म्हणालोही. ते काकूने ऐकलं.

काकू, म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, या घरात एकटीने राहून घर टिकवलेली बाई. ती फार बोलत नाही. मी यायच्या आधीपासून तिचं एकच मागणं होतं : छपराचं पाणी धरायला एक टाकी. मी तिला सगळं समजावून सांगितलं. भूजल, पुनर्भरण, सामूहिक हक्क. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे रे. पण जिरवलेलं पाणी मे महिन्यात वर कोण आणून देणार?"

मी हसण्यावारी नेलं आणि कामाला लागलो. घराच्या मागे उतारावर चर काढले, दोन शोषखड्डे केले, छपराचं पाणी पन्हळीने थेट विहिरीपाशी नेऊन खडी-वाळूतून आत सोडलं. विहीर जुलैत काठोकाठ भरली. पायरीवर बसून हात बुडवता यावा इतकी. मी लोकांना बोलावून दाखवलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "जुलैत ती कधी भरलेली नव्हती?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जुलैत मी इथे कधी राहिलेलोच नव्हतो. दिवाळीला पाणी निम्म्यावर आलं आणि शिमग्याच्या सुमारास पोहरा तळाच्या दगडांवर आपटू लागला. दरवर्षी आपटतो तसाच. पुढच्या पावसाळ्यात मी चर वाढवले. ये रे माझ्या मागल्या.

आता जांभ्याविषयी. जमिनीवर कडक कवच, आणि आत सगळी नळ्या-पोकळ्यांची जाळी. जांभा म्हणजे चाळण. त्यावर पडलेलं पाणी आश्चर्य वाटावं इतक्या झपाट्याने आत जातं. म्हणजे ‘जिरवा’चं काम इथे निसर्गाने आधीच करून ठेवलं आहे, मी चर काढून त्यात काही फार भर घालत नव्हतो. अडचण पुढे आहे. जांभ्याच्या खाली पांढरट-तांबूस चिकण मातीचा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या थरावरून उताराच्या दिशेने सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी, जिथे हा थर उघडा पडतो तिथे, झरे होऊन बाहेर येतं. तिथून पऱ्ह्या, पऱ्ह्यातून नदी, नदीतून खाडी. सारा प्रवास काही आठवड्यांचा. देशावरचा मुरूम पाणी धरून ठेवतो. सड्याला धरणं माहीत नाही. कोकणातली जुनी वस्ती पायथ्याला, झऱ्यांच्या कडेने का वसली आणि सड्यावर नुसती गुरं का चरायची, हे मला इतकी वर्षं पाण्यात काम करून कळायला हवं होतं. आमचं घर सड्यावर आलं ते पणजोबांच्या भाऊबंदकीमुळे. भूजलाचा विचार त्यात कुणीही केलेला नव्हता.

माझ्या चरांचा फायदा झाला नाही असं मात्र नाही. तो खालच्या वाडीला झाला असावा. तिथला झरा त्या वर्षी जरा जास्त दिवस वाहिला असं तिथली माणसं म्हणतात. एका परीने हे माझ्या जुन्या तत्त्वाला धरूनच झालं : पाणी कुणा एकाचं राहिलं नाही. फक्त वरच्या बायकांना त्यासाठी हंडा घेऊन सडा उतरावा लागतो आणि भरलेल्या हंड्यानिशी चढावा लागतो. आमच्या तालुक्यात उन्हाळे गावी राजापूरची गंगा येते. एरवी कोरडी असलेली कुंडं एकाएकी भरून वाहू लागतात, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा आटतात. भूशास्त्रवाले त्याला जमिनीखालच्या वक्रनलिकेचं स्पष्टीकरण देतात, भाविक आपलं. ज्या मुलखातलं पाणी जमिनीखालून स्वतःच्या मर्जीने येतं-जातं, तिथे मी ‘भूगर्भातली बँक’ हा शब्द वापरत होतो. तिकडे मेघालयात चेरापुंजीला आमच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि हिवाळ्यात तिथल्या बायकाही पाणी भरायला लांब जातात. भरपूर पाऊस आणि भरपूर पाणी यांचा संबंध मी समजत होतो तितका जवळचा नाही.

मत बदललं ते एका रात्रीत नाही. पण कशाने बदललं हे सांगता येईल : काकूच्या तीन हंड्यांनी. टँकर आला की मी शिवाराच्या गरजेचा विचार करायचो. माणशी पंचावन्न लिटर, गुरांचे वेगळे, वगैरे. काकूचा हिशेब तीन हंड्यांचा होता. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि देवाचं मिळून घराला दिवसाला तीन हंडे चांगलं पाणी लागतं. बाकी आंघोळ, धुणी-भांडी, गुरं यांना बोअरचं गढूळ लालसर पाणी चालतं. त्या पाण्यात लोह आहे. त्याचा चहा शाई पडल्यागत काळपट होतो आणि भात पिवळट दिसतो, म्हणून ते चुलीपाशी नको. माझं सगळं शास्त्र ‘पाणी’ या एकाच रकान्यात चाललं होतं. तिने त्याचे दोन रकाने कधीच केले होते.

तीन हंडे म्हणजे चाळीस लिटर. आमच्या घराचं कौलारू छप्पर वरून मोजलं तर शंभर चौरस मीटर भरतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे जुलैतल्या एका दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जो आमच्याकडे पेपरात छापण्याइतकाही मोठा नसतो, तर त्या एका दिवसात छपरावर दहा हजार लिटर पाणी पडतं. थोडं उडतं, थोडं मुरतं. दोन दिवस धरा. आणि दहा हजार भागिले चाळीस म्हणजे अडीचशे दिवस. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत. हे गणित चौथीतल्या मुलाला जमेल. मी ते आयुष्यभर हेक्टरांत करत आलो होतो, छपराच्या चौरस मीटरमध्ये एकदाही केलं नव्हतं.

मग जुनी पाहिलेली ठिकाणं वेगळी दिसू लागली. मुंबईत बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी लेणी मी अनेकदा पाहिली होती, पाहुण्यांना दाखवली होती. शंभराहून अधिक लेण्यांचा तो डोंगर. बहुतेक विहारांच्या दाराशी एका बाजूला कातळात खोदलेलं टाकं आहे, आणि वर डोंगराच्या अंगावर पाणी त्या टाक्यात आणणारे पाट कोरलेले आहेत. तिथल्या शिलालेखांत लेण्याच्या दानाबरोबर पाण्याच्या टाक्याच्या दानाचीही नोंद सापडते. एकेका विहाराला स्वतःचं टाकं, एवढ्या मोठ्या संघाला! सगळ्यांचं मिळून एक मोठं तळं त्यांनी केलं असतं तर माझ्या तत्त्वाला अधिक शोभलं असतं. पण सामूहिक जीवनाची शपथ घेतलेल्या भिक्खूंनाही पिण्याचं पाणी दाराशीच हवं होतं. काकूलाही तेच हवं होतं, तिला मात्र मी बंगलेवाल्यांत काढलं.

टाकी फेरोसिमेंटची केली. ही पद्धत होड्यांतून आली. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लाँबो यांनी १८४८च्या सुमाराला तारांच्या जाळीवर सिमेंट थापून होडी केली होती, आणि ती पाण्यावर तरली. जी भिंत बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ती आतलं बाहेर जाऊ देणार नाही, हे ओघाने आलं. चिऱ्याचा चौथरा, त्यावर सहा मिलिमीटर सळीचा गोल पिंजरा, पिंजऱ्याला आतून-बाहेरून कोंबडी जाळी. अडीच मीटर व्यास, दोन मीटर उंची. मजा बघण्यासारखी आहे ती गिलाव्याची. एक गवंडी आत उभा, एक बाहेर. बाहेरच्याने थापी मारली की जाळीतून माल आत येतो, तिथे आतला त्याच वेळी थापीने दाब धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, फक्त थापीचा आवाज ऐकून हात जुळवतात. भिंत चार बोटांचीही नाही. जेमतेम दीड इंच. मी संशयाने बोट वाजवून बघत होतो, तर आतून गवंडीमामांचा आवाज आला, "भाऊ, आता तुम्ही घरात जाऊन बसा. पाणी मात्र पंधरा दिवस चुकवू नका." सिमेंटला पाणी मारायचं ते म्हणत होते. गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवलं. एप्रिलमध्ये. टँकरच्या पाण्याने टाकी भिजवताना शेजाऱ्यांच्या नजरा मी कशा चुकवल्या ते मला माहीत. टाकी बांधायची तर दिवाळीनंतर लगेच, विहिरीला पाणी असताना बांधावी, हे सांगण्यासारखं.

खर्च भिंतीचा दिसतो, पण टाकी जगते ती पन्हळीवर आणि नळ्यांवर. आमच्याकडे पूर्वी पोफळीचं खोड उभं चिरून, पोखरून पन्हळ करत. ती दोन पावसाळे टिके. आता पीव्हीसीची अर्धगोल मिळते. तिला मीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो, पण तो सलग हवा. मधे एक क्लँप ढिला पडला की तिथे पानं कुजतात आणि डासांची सोय होते. आणि वानरं. आंब्यावरून छपरावर उडी मारणारी वानराची टोळी पन्हळीवर पाय देऊनच उतरते. यावर माझ्याकडे उपाय नाही. दर पावसाळ्यापूर्वी चार क्लँप जास्तीचे आणून ठेवतो, बस.

छपराचं पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नसतं. त्यात आठ महिन्यांची धूळ, चिमण्या-कबुतरांची विष्ठा, मेलेल्या पाली, वाळकी पानं असतात. पुस्तकात यासाठी एक उभी नळी सांगतात, तळाला टोपण लावलेली : आधी ती भरते, मग पाणी पुढे जातं. मी हिशेब केला. चार इंची नळीत मीटरला आठ लिटर मावतात. शंभर चौरस मीटर छपराचं पहिलं एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. बारा मीटर उंच नळी कुठे उभी करणार? तिच्याऐवजी दोनशे लिटरचं निळं पिंप लावलं, बुडाशी बारीक भोक ठेवून. सर आली की आधी पिंप भरतं, मग पाणी टाकीकडे वळतं. सर थांबली की पिंप आपोआप हळूहळू रिकामं होतं. यात काही हलत नाही, म्हणून काही बिघडत नाही.

फिल्टरचा अनुभव उलटा. वाळू, कोळसा, खडी अशा थरांचा तयार फिल्टर शहरातून मोठ्या कौतुकाने आणला. पुण्यातल्या पावसात तो चालत असेल. आमच्याकडे तासाला पन्नास मिलिमीटरची सर आली म्हणजे छपरावरून मिनिटाला ऐंशी लिटरच्या वर पाणी येतं. एवढं वाळूतून जात नाही. ते वरून सांडतं आणि टाकी तशीच राहते. शेवटी वाळू काढून टाकली. आता तोंडाशी नायलॉनची दुहेरी जाळी आहे, ती आठवड्याला काढून धुवायची. बारीक गाळ तळाशी बसतो. नळ तळापासून वीतभर वर ठेवला आहे, आणि गाळ सोडायला तळाशी वेगळा व्हॉल्व्ह. पाणी गाळायचं ते स्वयंपाकघरात, तीन हंड्यांपुरतं.

टाकी भरली म्हणजे संपलं अशी माझीही समजूत होती. पहिलं भरलेलं पाणी तर सोडूनच द्यावं लागलं. नव्या सिमेंटचा चुनखडी वास त्याला येतो. दुसऱ्यांदा भरल्यावर आरोग्य केंद्रातून तपासणीची बाटली आणली. ती पाण्याने भरून उबदार जागी ठेवतात; पाणी काळं पडलं तर दूषित. आमचं काळं पडलं. काकू काही बोलली नाही, पण दोन दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. शोध घेतला तर ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी नव्हती आणि आत उंदीर फिरून गेला होता. जाळी लावली, आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं : हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे सगळ्या टाकीला पन्नास, बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी ओतायची. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट केली, पिवळा रंग आला. पुढची बाटली स्वच्छ. काकूला टीसीएलचा वास सोसत नाही, म्हणून तिच्या पाण्याला उकळी. या पाण्याला चव नाही अशी तक्रार पाहुणे करतात, ती खरी आहे. त्यात क्षारच नाहीत. तूरडाळ मात्र त्यात लवकर शिजते.

माझं वर्ष आता नक्षत्रांनी चालतं, आणि हे मला आवडू लागलं आहे. मेच्या शेवटी उरलेल्या पाण्यात उतरून टाकी आतून घासायची. साबण नाही, फक्त काथ्या आणि टीसीएलचं पाणी. झाकण आदल्या दिवसापासून उघडं ठेवायचं आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही. मृगाच्या सरी छपराला धुवायला द्यायच्या, टाकीची नळी तेव्हा सुटी ठेवायची. आर्द्रात जोडायची. पावसाळाभर टाकी वापरायची आणि भरू द्यायची. भरून ठेवून शिळी करण्यात अर्थ नाही. खरी भरणी हस्ताच्या पावसात. गडगडाट करत दुपारी कोसळणाऱ्या त्या सरींनी शेवटची टाकी भरली की नळी काढून टोपण ठोकायचं. त्यानंतर अवकाळी कितीही पडो, आत घ्यायचं नाही, कारण तोवर आंब्याला मोहोर धरून फवारण्या सुरू झालेल्या असतात आणि औषध वाऱ्याने छपरावर येऊन बसतं. पिकलेल्या हापूसवर कीटकनाशकाची चर्चा सगळे करतात, छपराच्या पाण्यातल्या औषधाची कुणी करत नाही.

बदललं नाही तेही सांगायला हवं. दख्खनच्या पठारावर मी आजही ‘जिरवा’च म्हणेन. चारशे मिलिमीटरच्या गावात टाकीने शेती उभी राहत नाही, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेतच मांडावा लागतो. टाकी ही घराची गोष्ट आहे, आणि छप्पर धड असलेल्या घराची, हा माझा आक्षेपही जागच्या जागी आहे. आमच्या वाडीत दोन घरांवर अजून सिमेंटचे जुने पत्रे आहेत. त्यात ॲस्बेस्टॉस आहे, त्यावरचं पाणी प्या असं मी कुणाला सांगणार नाही. त्या घरांना आमच्या टाकीतून रोज एकेक हंडा जातो. माझ्या नैतिक आक्षेपातून ही व्यवस्था निघालेली नाही, काकूने मला न विचारता सुरू केली आहे. अडीचशे दिवसांचा हिशेब त्यामुळे कोलमडतो आणि टाकी मार्चमध्येच आटते. दुसरी टाकी गोठ्याच्या बाजूला बांधावी असं मी म्हणतो. काकू म्हणते, आधी त्या दोन घरांचे पत्रे बदलून द्या, मग त्यांच्याच दारात टाकी बांधा. ती बहुधा जिंकेल.

गेल्या दिवाळीनंतर खालच्या वाडीतले दोघं तरुण टाकी बघायला आले. फोटो काढले, मापं घेतली, अनुदान मिळतं का विचारलं. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला टाकी नको. तुमच्याकडे झरा आहे, त्याचं तोंड साफ करा, भोवती चिऱ्याची बांधणी करून वर झाकण टाका, गुरं आत शिरणार नाहीत असा गडगा घाला, आणि नळीने उताराने पाणी वाडीत न्या. सिमेंटच्या टाकीपेक्षा स्वस्तात होईल आणि पंप लागणार नाही. त्यांना ते रुचलं नाही. "स्वतःच्या दारात टाकी, आणि आम्हाला झऱ्याचं शहाणपण," असं त्यांतला एकजण उठता उठता बोलला. मला ते लागलं, कारण थोड्या वर्षांपूर्वी काकूला मी असंच शहाणपण शिकवत होतो. तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. एवढं ठरलं आहे की फेब्रुवारीपासून दर आठवड्याला दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरायची, भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं, आणि मेअखेर ती वही माझ्याकडे आणायची. आकडा फारच घसरलेला दिसला तर गवंडीमामांना मी स्वतः सांगावा धाडीन.